बीगलचा निळा रंग: दुर्मिळ म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय आहे बीगल कुत्र्यांचे वेगळे रंग. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचं इथे काय काम, असं कुणाला वाटेल. पण पिल्लू घ्यायला गेलं की ‘हे निळं आहे, दुर्मिळ आहे’ असं म्हणून किंमत वाढवली जाते. ज्या एका शब्दावर किंमत वाढते, तो शब्द तपासणं हे आमचंच काम.

वारणाकाठच्या माणसाला जनावरांचे रंग नवे नाहीत. ढवळा, पवळा, तांबडा, कोसा, बांडा हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. आणि ती म्हण तर सगळ्यांना पाठ आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग. शेजाऱ्याची सवय लागते, रंग लागत नाही. मग रंग येतो कुठून?

न्यायशास्त्रात रंगाला ‘रूप’ म्हणतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि सातवा आहे ‘चित्र’, म्हणजे अनेकरंगी. रघुनाथ शिरोमणींसारख्या नव्य नैयायिकांनी मात्र हा वेगळा रंग मानला नाही. कापड अनेकरंगी दिसतं, कारण त्याच्या भागांचे रंग वेगवेगळे आहेत, एवढं पुरे असं त्यांचं म्हणणं. काळा, तांबूस आणि पांढरा असा नेहमीचा तिरंगी बीगल समोर उभा केला तर आज साक्ष रघुनाथांच्या बाजूने पडते. कारण प्रत्येक पट्ट्याचं कारण वेगळं आहे.

कुत्र्याच्या केसात मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबूस-पिवळं. पांढरा हा रंगद्रव्याचा अभाव. गर्भात रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि अंगभर पसरत जातात. पंजे, छाती, तोंडाचा पुढचा भाग, शेपटीचं टोक ही शेवटची ठिकाणं. तिथवर त्या पोचल्या नाहीत की केस पांढरे राहतात. बीगलच्या शेपटीचं टोक पांढरं असतं ते यामुळेच.

आता ‘निळा’. निळं असं तिसरं रंगद्रव्य कुत्र्यात नाही. काळं रंगद्रव्यच केसात सारखं न पसरता गुठळ्या होऊन बसतं, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. नाकही राखाडी होतं. यामागचं जनुक अप्रभावी आहे, म्हणजे ते आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. दोघेही दिसायला काळे-तिरंगी पण आतून वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लू निळं होण्याची शक्यता चारात एक. ‘लेमन’ रंगाचंही तसंच, फक्त जनुक दुसरं. त्यात केसात काळं रंगद्रव्य बनतच नाही. अशी पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी दिसतात, पिवळेपणा नंतर चढतो.

गंमत पुढे आहे. बीगलच्या आंतरराष्ट्रीय मानकात निळा-पांढरा-तांबूस आणि लेमन-पांढरा हे दोन्ही रंग नावानिशी लिहिलेले आहेत. म्हणजे निळा बीगल काही नवी जात नव्हे. निळेपण त्या कुत्र्याच्या केसात आहे, हे खरं. पण दुर्मिळपणा त्या एकट्या कुत्र्यात कुठेच सापडणार नाही. तो बाकीच्या कुत्र्यांशी तुलना केल्यावर येतो. उद्या सगळे निळेच झाले तर याचा एक केसही न बदलता दुर्मिळपणा संपेल!

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. निळी पिल्लं हमखास हवीत म्हणून नात्यातल्याच नर-मादीचा मेळ घातला जातो. त्यात रंगाच्या जनुकाबरोबर दडलेले अप्रभावी आजारही एकत्र येतात. बीगलमध्ये मुसलादिन-ल्युके नावाचा असाच एक विकार आहे. त्यात कातडी आणि सांधे आखडतात आणि कुत्रं बोटांवर चालतं. शिवाय काही निळ्या कुत्र्यांचे केस विरळ होतात, कातडी कोरडी पडते. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण विचारून घ्यावं.

‘मर्ल’, म्हणजे ठिपक्या-डागांचा रंग, सांगितला तर अधिक सावध व्हा. बीगलमध्ये तो परंपरेने नाही, त्यामुळे दुसऱ्या जातीचा संकर असण्याची शक्यता मोठी. दोन मर्ल एकत्र आणले तर चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं आणि अशी पिल्लं बहिरी किंवा अधू डोळ्यांची निघू शकतात.

मग काय करावं? पिल्लाची आई बघायला मागा. बाप तिच्या नात्यातला आहे का, हे विचारा. विक्रेत्याची नोंदणी बघा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ती सक्तीची आहे आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

आपल्याकडे डेअरीत दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. म्हैस काळी होती की भुरी, हे तिथे कुणी विचारत नाही. गोठ्यातलं हे शहाणपण पिल्लू घेतानाही सोबत असू द्या. रंग आवडला तर जरूर घ्या, आवडीला आमची ना नाही. मात्र जादा पैसे मोजायचेच असतील तर ते आई-बापाच्या तब्येतीसाठी मोजा.