जुन्या मोटारींची नोंदणी

जळगाव-धुळ्याकडे एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली मोटार असली, तर तिच्यावरून घरात दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी ती भंगारात द्यावी म्हणतात. वडीलधाऱ्यांचे मन होत नाही. या वादात 2021 सालापासून कायद्याने एक तिसरी वाट उघडून दिली आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी मोटारी व दुचाक्या यांस ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग दिला.

तथापि केवळ वय पुरेसे नाही. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. पुष्कळ गाड्या अडतात त्या नेमक्या येथे. पेट्रोल परवडत नाही म्हणून अँबेसेडरमध्ये किंवा जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात एके काळी सर्रास होता. घरखर्चाच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच व्यवहार. पण गाडीचे मूळ रूप त्याच दिवशी हरपले.

या अटीमागील हेतू परदेशातील एका उदाहरणावरून ध्यानात येतो. अमेरिकेत 1965 साली फोर्ड मस्टँगवरून शेल्बी जीटी 350 ही जोमदार मोटार निघाली. तिला मोल चढताच साध्या मस्टँगला शेल्बीचे सोंग देणारेही निघाले. शेल्बीच्या शौकिनांच्या मंडळाने यावर उपाय म्हणून एकेका गाडीचा अनुक्रमांकानुसार इतिहास नोंदविणारी वही छापली. पत्रा रंगविता येतो. पण वहीतील क्रमांकाशी मेळ घालणे सोपे नसते.

आपल्याकडेही आरंभ क्रमांकापासूनच करावा. चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासावी, ठसा घ्यावा आणि तो जुन्या आर. सी. बुकाशी ताडून पाहावा. मग नमुना 20 मधील अर्ज, विमा आणि जुने आर. सी. बुक सादर करावयाचे. गाडी आयात केलेली असेल तर जकातीचा कागदही हवा. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. मुदत दहा वर्षे. पुढील नूतनीकरण 5,000 रुपयांत. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदलेल्या गाडीला मात्र आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि तो राखावाच. धुळ्याचा ‘एमएच 18’ आणि जळगावचा ‘एमएच 19’ ही पद्धत 1989 च्या नियमांनंतरची. त्यापूर्वीची पाटी हाच गाडीच्या वयाचा एक पुरावा होय.

एक बंधन मात्र आधी समजून घेतले पाहिजे. अशी गाडी प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वरातीला भाड्याने देणे दूरच, रोज बाजारात नेणेही चालत नाही. ज्यांना गाडी नित्य वापरावयाची आहे, त्यांनी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा नेहमीचा मार्गच धरावा.

आणि डिझेलपायी काढलेले मूळ इंजिन अद्याप अडगळीत पडले असेल, तर ते तूर्त भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. ते परत बसविल्यावर गाडी मान्य होईल की नाही हे तपासणारा अधिकारी ठरवील. विकून टाकले, तर त्याच्यापुढे ठेवावयास काहीच उरणार नाही.