पवित्रा, कराटेतील

कराटे या निःशस्त्र युद्धकलेत प्रहार, रोध वा स्थलांतर करताना पायांची व धडाची जी विशिष्ट मांडणी करावयाची असते, तिला पवित्रा म्हणतात. जपानी भाषेत तीस ‘दाची’ ही संज्ञा असून हात, दृष्टी व चित्त यांसह सज्जतेच्या संपूर्ण स्थितीस ‘कामाए’ असे म्हणतात. मराठीत या दोन्ही अर्थी पवित्रा हाच शब्द योजला जातो. कुस्ती, लाठी, फरीगदगा यांच्या परिभाषेतही तोच आहे. तथापि कराटेच्या शिक्षणात या दोन कल्पनांची गल्लत झाल्यास विद्यार्थ्याचा बराच काळ वाया जातो. पाय कसे ठेवावेत हे शिकणे निराळे व लढण्यास सज्ज असणे निराळे.

पवित्र्यांचे वर्गीकरण भारतीय वाङ्‌मयातही जुने आहे. नाट्यशास्त्रात पुरुषांसाठी वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ व प्रत्यालीढ अशी सहा स्थाने सांगितली असून, त्यांतील अनेक नावे अग्निपुराणाच्या धनुर्वेदविषयक अध्यायांतही आढळतात. एक पाय वाकवून दुसरा ताणलेला आलीढ व कराटेतील पुढचा पवित्रा यांतील साम्य सहज डोळ्यांत भरते. मात्र त्यावरून ऐतिहासिक संबंध जोडणे योग्य नव्हे. दूर अंतरावर नेम धरणे वा जोराने पुढे रेटणे या गरजा सर्वत्र सारख्याच असल्याने शरीराने त्यांस दिलेली उत्तरेही सारखी आहेत. बोधिधर्माने युद्धकला भारतातून चीनमध्ये नेली ही कथाही कराटेवरील पुस्तकांत वारंवार येते, पण तीस समकालीन पुरावा नाही.

कराटेचा उगम ओकिनावा बेटावरील ‘ते’ ही स्थानिक पद्धती व दक्षिण चीनमधील मुष्टियुद्ध यांच्या मिश्रणातून झाला. शुरी परिसरातील परंपरेत ‘नैहांची’ हा काता (ठरावीक हालचालींचा क्रम) पायाभूत मानला जाई. तो सर्व बाजूच्या बाजूलाच सरकत करावयाचा असतो व त्यात एकाच पवित्र्याचा प्रामुख्याने अभ्यास होतो. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी या मालिकेतील तीन कातांवर सुमारे दहा वर्षे घालविली, असे त्यांनीच नमूद केले आहे. मोतोबु चोकी (१८७०–१९४४) यांनी तर नैहांचीतील उभे राहण्याची रीत हीच प्रत्यक्ष झुंजीचा पाया होय, असे मत मांडले. नाहा परिसरातील परंपरेत हेच स्थान ‘सांचिन’ या कातास होते. हिगाओन्ना कानर्‍यो (१८५३–१९१५) यांनी चीनमधील फूजो येथे शिक्षण घेतले व त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी पुढे गोजू-र्‍यू हा संप्रदाय स्थापिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु आंको (१८३१–१९१५) यांनी ओकिनावातील शाळांत कराटेचे शिक्षण सुरू करविले. १९०८ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दहा सूचना असून त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एका सूचनेत उभे राहण्याची रीत सांगितली आहे : कंबर सरळ, खांदे खाली, पाय जमिनीवर घट्ट रोवलेले व शक्ती ओटीपोटात स्थिरावलेली असावी. दुसऱ्या सूचनेत प्रत्येक काताचा सराव शरीराच्या जोपासनेसाठी आहे की प्रत्यक्ष उपयोगासाठी, हे अगोदर निश्चित करून मगच तो करावा, असे म्हटले आहे. पवित्र्याविषयीचे पुढील बहुतेक वाद या दुसऱ्या सूचनेकडे झालेल्या दुर्लक्षातून उद्‌भवलेले दिसतात.

फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकिओत कराटेचे प्रात्यक्षिक दाखविले आणि नंतर ही कला जपानी विद्यापीठांत पसरली. तेथे तिचे स्वरूप बदलले. जुन्या छायाचित्रांत फुनाकोशी यांचे पवित्रे उंच व आखूड दिसतात. आज शोतोकान संप्रदायाची ओळख बनलेले खोल व लांब पवित्रे प्रामुख्याने त्यांचे पुत्र योशिताका (१९०६–४५) यांच्या प्रभावातून आले, असे मानले जाते. तरुण विद्यार्थ्यांच्या पायांना भरपूर व्यायाम मिळावा, हा त्यामागील एक उघड हेतू होय. म्हणजे खोल पवित्रा हे प्राचीन रहस्य नसून बव्हंशी शारीरिक शिक्षणाचे साधन आहे. इतोसु यांच्या पिनान मालिकेतील एका काताचा आरंभ शितो-र्‍यू संप्रदायात मार्जार पवित्र्याने, तर शोतोकानमध्ये पश्च पवित्र्याने होतो. एकाच हालचालीची ही दोन रूपे उपरोक्त बदलाचीच साक्ष देतात.

प्रमुख पवित्र्यांतील भेद शरीरभाराच्या वाटपावरून स्पष्ट होतो. अग्र पवित्र्यात (झेंकुत्सु-दाची) पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला व सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायावर असतो. पश्च पवित्र्यात (कोकुत्सु-दाची) सुमारे ७० टक्के भार मागच्या पायावर येतो. अश्वारोही पवित्र्यात (किबा-दाची) पावले समांतर असून भार समान विभागलेला असतो. मार्जार पवित्र्यात (नेकोआशि-दाची) जवळजवळ सर्व भार मागच्या पायावर असून पुढच्या पावलाचा चवडाच जमिनीस टेकतो, त्यामुळे त्या पायाने तत्काळ लाथ मारता येते. सांचिन पवित्रा आखूड असून त्यात बोटे व गुडघे किंचित आत वळविलेले असतात. ही प्रमाणे संप्रदायागणिक थोडीफार बदलतात. त्यांना मापनाचे निष्कर्ष न समजता शिकविण्याच्या सोयीचे आकडे समजावे.

पवित्र्याचे यंत्रशास्त्र : शरीराच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा जोपर्यंत पावलांनी व्यापलेल्या आधारक्षेत्रात पडते, तोपर्यंत शरीर तोल राखते. गुरुत्वमध्य खाली आणल्यास व आधारक्षेत्र वाढविल्यास स्थैर्य वाढते, परंतु ते सर्व दिशांना सारखे वाढत नाही. अग्र पवित्रा समोरच्या रेट्यास भक्कम, तर बाजूच्या रेट्यास तुलनेने दुबळा असतो. अश्वारोही पवित्र्याचे याच्या नेमके उलट आहे. समोरून छातीवर दिलेल्या अगदी हलक्या धक्क्यानेही त्यातील मनुष्य मागे जातो. शिवाय स्थैर्य व चपळता यांचा व्यस्त संबंध आहे. पाऊल उचलण्यापूर्वी सर्व भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो आणि पवित्रा जितका लांब तितका हा प्रवास मोठा. त्यामुळे सर्वोत्तम पवित्रा असा कोणताच नाही. पवित्र्याचा खरा उपयोग हालचालीच्या शेवटच्या क्षणी होतो. ठोसा लक्ष्यावर पोचतो तेव्हा लक्ष्याकडून येणारी प्रतिक्रिया हात, धड, कटी व मागचा पाय यांतून जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. मागची टाच उचललेली व गुडघा सैल असेल, तर ही साखळी तेथेच तुटते.

सुधारणा : नवशिक्याचे बहुतेक दोष पवित्रा फार उंच असल्याने नव्हे, तर शरीराच्या क्षमतेपेक्षा लांब घेतल्याने निर्माण होतात. अग्र पवित्र्यात घोटा पुरेसा वाकत नसेल, तर मागची टाच किंवा पावलाची बाहेरची कड उचलली जाते, ती टेकविण्यासाठी पाऊल बाहेर वळते, त्यामागोमाग कटीही वळते आणि ठोशाची दिशा बिघडते. शिक्षक बहुधा ठोशातील चूक दुरुस्त करीत राहतो. मूळ दोष घोट्यात असतो. अशा वेळी पवित्रा आखूड करणे व घोट्याची लवचिकता स्वतंत्रपणे वाढविणे हाच उपाय होय. दोन्ही पावले एकाच रेषेत येणे हाही नित्याचा दोष असून तो शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खांद्यास बाजूने हलकेच ढकलल्यास लगेच उघड होतो.

गुडघ्याविषयी विशेष दक्षता आवश्यक आहे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा असून पीळ सोसण्याची त्याची क्षमता अल्प आहे. म्हणून वाकलेल्या गुडघ्याची दिशा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेशी जुळलेली असावी व शरीराचे वळण खुब्यातून घ्यावे. अश्वारोही पवित्र्यात गुडघे आत कोसळू देणे, पाऊल जमिनीस चिकटलेले ठेवून झटक्याने कटी वळविणे आणि थकलेल्या मुलांना शिक्षा म्हणून खोल पवित्र्यात उभे ठेवणे, या प्रथा सर्वथा त्याज्य होत. सांचिनमध्ये स्नायू आवळून श्वासावर नियंत्रण ठेवावयाचे असते. त्यात श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब तात्पुरता वाढतो, हे प्रौढ साधकांनी विसरू नये.

स्थिर उभे राहण्याच्या सरावाने स्नायूंची सहनशक्ती वाढते, पण त्याने पवित्रा साधतोच असे नाही. पवित्र्यातून पवित्र्यात जाताना डोक्याची उंची न बदलणे ही अधिक कठीण व अधिक फलदायी कसोटी होय. पाऊल टाकताना शरीर वर उचलले गेले, तर पुढे जाणारा जोर वर वाया जातो आणि प्रतिस्पर्ध्यास हालचालीची पूर्वसूचना मिळते. यासाठी पुढे जाणारे पाऊल आधारपायाजवळून चंद्रकोरीसारख्या वक्र मार्गाने, जमिनीलगत नेण्यास शिकवितात. जोडीदाराने कमरेस पट्टा बांधून मागे खेचून धरणे आणि त्या ताणाविरुद्ध पुढे जाणे, हा व्यायाम या दृष्टीने उपयुक्त आहे, कारण मागच्या पायाने जमीन ढकलणे म्हणजे काय ते त्यात शब्दांविना कळते.

प्रयोजन : फुनाकोशी यांच्या वीस मार्गदर्शक सूत्रांपैकी एका सूत्राचा आशय असा, की ठरावीक पवित्रे नवशिक्यांसाठी असून पुढे नैसर्गिक स्थितीत उभे राहावे. पवित्रे पुढे सोडून द्यावयाचे असा याचा अर्थ क्वचित केला जातो, तो चुकीचा होय. वर्षानुवर्षांच्या सरावाने कटी, पाय व जमीन यांच्यातील जे नाते बांधले जाते, ते बाह्य आकार नसतानाही टिकावे, हा त्या सूत्राचा रोख आहे. खोल पवित्र्यात तयार झालेला साधक सहज उभा असतानाही त्याचा तोल ढळत नाही. उलटपक्षी केवळ आकार घोटलेला विद्यार्थी अनपेक्षित धक्का बसताच तो आकार हरवून बसतो. सरावातील पवित्रा व प्रसंगातील पवित्रा यांचा संबंध सुलेखनाची कित्त्यातील अक्षरे व धावते हस्ताक्षर यांच्यासारखा आहे. आत्मसंरक्षणाच्या प्रसंगी तर कामाए घेणे हेच पुष्कळदा अहितकारक ठरते, कारण त्याने भांडणास आव्हान दिल्यासारखे होते. हात मोकळे ठेवून, एक पाय किंचित मागे घेऊन, बोलत बोलत अंतर राखणे हा तेथील पवित्रा होय व दूर निघून जाण्याची सोयही त्यातच अधिक असते.

क्रीडास्पर्धांनी या विषयास आणखी एक वळण दिले. जपान कराटे असोसिएशन या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९५७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरविल्या, तर १९७० मध्ये टोकिओ येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. झुंजीच्या (कुमिते) स्पर्धेत गुण मिळविण्यासाठी वेग निर्णायक असल्याने खेळाडू टाचा किंचित उचलून उसळत्या, आखूड पवित्र्यात वावरतात. काताच्या स्पर्धेत मात्र पवित्र्याचा नेमकेपणा पंच बारकाईने पाहतात. त्यामुळे कुमितेचे खेळाडू व काताचे खेळाडू असे दोन वर्ग पडले असून एकाच दोजोत शिकलेल्या दोघांची उभे राहण्याची रीत पूर्णतः भिन्न असू शकते. टोकिओ २०२० ऑलिंपिकमध्ये (प्रत्यक्ष आयोजन २०२१) कराटेचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांच्या काता प्रकारात ओकिनावाचाच कियुना र्‍यो याने सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटेस स्थान नव्हते.