गिलाव्यातील भांग

फुलंब्रीहून सडक धरून उत्तरेकडे निघाले, तर सिल्लोड मागे टाकून अजिंठ्याला पोहोचता येते, आणि पश्चिमेकडे वळले, तर खुलताबादवरून घाट उतरून वेरूळला. आमच्या कसब्याच्या दोन बाजूंना अशी दोन जगप्रसिद्ध लेणी उभी असूनही त्यांच्या मूर्ती आणि चित्रे पाहण्यात आपण इतके गुंतून जातो, की ज्या मातीच्या लेपावर ही चित्रे काढली गेली, त्या गिलाव्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला मात्र या दोन्ही लेण्यांतील सर्वांत आश्चर्यकारक वस्तू तो गिलावाच वाटतो. कारण इतिहास, वनस्पती, कीटक आणि मनुष्याचे शरीर या चारही विषयांचे धागे त्या बोटभर जाडीच्या थरात एकत्र आलेले आहेत.

ज्यांचे बालपण मातीच्या घरात गेले, त्यांना गिलावा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पांढरी माती भिजत घालायची, तीत गव्हाचा भुसा आणि शेण मिसळायचे, तो चिखल पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखा मऊ करायचा, आणि मग हाताच्या तळव्याने तो भिंतीवर थापायचा. आमच्या जुन्या घराच्या भिंतीचा एक पोपडा पावसाळ्यात गळून पडला, तेव्हा तो मी उचलून उन्हात धरून पाहिला होता. मातीत भुशाच्या काड्यांचे सोनेरी ठसे उमटलेले होते, पण त्यांपैकी निम्म्याअधिक जागा पोकळ होत्या. काडी नाहीशी झाली होती आणि तिच्या आकाराचे रिकामे घर तेवढे उरले होते. वाळवीने आणि किड्यांनी काडी खाल्ली होती, माती टाकून दिली होती.

नेमकी हीच गत अजिंठ्यात झाली. तेथील बहुतेक प्रसिद्ध चित्रे वाकाटकांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. कारागिरांनी खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगांनी चित्रे रेखाटली. लेप भिंतीला धरून राहावा म्हणून घातलेले हे तूस आणि तंतू म्हणजे कीटकांना आयतेच अन्न होते. आपल्या घरातील पोथ्यांना लागणारी कसर घ्या: या रुपेरी, बिनपंखी किड्याला पिष्ट आणि तंतू दोन्ही पचतात, आणि अन्नावाचून तो कित्येक महिने जिवंत राहू शकतो. अंधाऱ्या, दमट लेण्यात अशा जीवांना शतकानुशतके मोकळे रान मिळाले. पुढे १९२० ते १९२२ या काळात, निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी असताना, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी ही चित्रे वाचविण्यासाठी त्यांवर लाखेचे रोगण चढविले. ते कालांतराने पिवळे पडून चित्रे काळवंडली. लाख हाही झाडाच्या फांद्यांवर वसणाऱ्या एका किड्याचाच स्राव! चित्रांचा आधार किड्यांनी पोखरला आणि चित्रांचे मुखही किड्याच्याच लाखेने झाकले गेले, हा योग मला फार विलक्षण वाटतो.

वेरूळची हकिकत निराळी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील निवृत्त रसायनशास्त्रज्ञ मॅनेजर राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी क्रमांक १२ च्या, म्हणजे 'तीन ताल' नावाच्या बौद्ध लेण्यातील गिलाव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यांतील तंतू जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या ताज्या झाडांशी ताडून पाहिले, आणि २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला, की हे तंतू भांगेच्या झाडाचे आहेत. त्यांच्या मते मिश्रणात भांगेचा अंश सुमारे १० टक्के होता, आणि वेरूळच्या गिलाव्यात किडीचा मागमूस दिसत नाही याचे कारण तेच. उलट अजिंठ्यात भांग नसल्यामुळे निदान २५ टक्के चित्रे कीटकांच्या भक्ष्यस्थानी पडली, असेही त्यांचे म्हणणे आहे. वेरूळची चित्रेही पुष्कळ नष्ट झाली आहेत हे खरे, पण ती इतर कारणांनी. यादवांच्या देवगिरी किल्ल्यातील गिलाव्यातही हीच वनस्पती आढळली. अजिंठ्याच्या चित्रांनंतर दोन-अडीच शतकांनी वेरूळचे हे लेणे घडले. मधल्या काळात कोणा अनामिक गवंड्याने आधीच्या भिंती किडताना पाहिल्या असाव्यात आणि त्यावर उपाय शोधला असावा, असा माझा तर्क आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्या शेताच्या बांधावरील अंबाडी निराळी, दोरखंडासाठी पेरला जाणारा ताग निराळा. सिंह आणि सरदेसाई यांनी ओळखलेली ती खरोखरीची भांग. तिचा तंतू चिवट असतो, हवेतील ओल शोषून घेतो आणि पुन्हा सोडतो, त्यामुळे भिंत श्वास घेते. फ्रान्समध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस भांगेच्या काड्यांचे तुकडे चुन्यात कालवून घरे बांधण्याची रीत सुरू झाली आणि ती नवीन शोध म्हणून वाखाणली गेली. वेरूळच्या भिक्षूंच्या निवासाला भांग मिसळलेला लेप बाराशे वर्षांपूर्वीच लागलेला होता.

या वनस्पतीचे मनुष्याच्या देहाशीही गूढ नाते आहे. तिच्यातील मादक द्रव्य १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मेंदूतील ज्या ग्राहींना (रिसेप्टरांना) चिकटते, त्यांना चिकटणारे द्रव्य आपले शरीर स्वतःच निर्माण करते, हे १९९२ साली जेरुसलेममध्ये सिद्ध झाले, आणि संशोधकांनी त्या द्रव्याचे नाव ठेवले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद' या शब्दावरून! महाशिवरात्रीला शंकराला भांग वाहणाऱ्या आपल्या समाजाला हे नामकरण ठाऊक असावयास हवे. आज १९८५ च्या कायद्याने भांगेच्या झाडाच्या फुलोऱ्यावर, म्हणजे गांजावर बंदी आहे. सरकारी परवान्याशिवाय लागवडही करता येत नाही. तेव्हा कोणी आपल्या घराच्या गिलाव्यात ती मिसळावी असे माझे म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच आहे, की धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला आणि राख घालणाऱ्या आपल्या आज्यांप्रमाणे, कोणत्या वनस्पतीने कोणता किडा दूर राहतो हे जाणणारे गवंडीही आपल्या मुलखात होते, आणि त्यांची विद्या कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती भिंतींतच आहे. फुलंब्री तालुक्यातील जुनी मातीची घरे आता पाडली जात आहेत. तुमचे घर पाडावयाची वेळ आली, तर त्याआधी गिलाव्याचा एक पोपडा फोडून उन्हात पाहा, आत कसले तंतू आहेत, कोणते किडले आणि कोणते टिकले ते तपासा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना किंवा गावातील वृद्ध गवंड्याला त्या चिखलात काय काय तुडविले होते ते विचारून वहीत लिहून ठेवा. लेण्यांत गेलात, तर मात्र भिंतीला बोटही लावू नका.