टेनिस कोपर
मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा (हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) कोपराच्या बाहेरील बाजूस दुखावल्याने होणारा विकार. जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. बहुतेक रुग्ण टेनिस खेळणारे नसतात. कपडे पिळणे, पेचकस फिरविणे इ. कामांच्या वारंवार ताणानेही तो होतो. कंडरेत दाहापेक्षा झीजच अधिक आढळते. त्यामुळे स्टेरॉइडाच्या अंतःक्षेपणाने लवकर आराम पडला, तरी वेदना पुन्हा उद्भवण्याचा संभव वाढतो. भौतिकी चिकित्सेत हात मेजावर टेकवून, तळवा खाली ठेवून, हलके वजन धरलेले मनगट सावकाश खाली नेतात व दुसऱ्या हाताच्या आधाराने वर आणतात. वजन क्रमाक्रमाने वाढवितात. दीर्घ विश्रांतीने मात्र स्नायू दुर्बल होतात. बहुतेक रुग्ण वर्षभरात बरे होतात.