घटका भरते कशी?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तुम्हांला ठाऊक आहेच. तेथील लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला. आमच्या महाविद्यालयाची सहल तेथे गेली असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घड्याळ नसताना बाळाची जन्मवेळ कशी ठरवीत?"

उत्तर तोंडी देता आले असते. पण जुन्या काळच्या वस्तू त्याच रीतीने घडवून वापरून पाहण्याचा छंद जगात अनेकांना असतो. कॅलिफोर्नियात तर १९६६ साली अशा हौशी लोकांची संस्थाच सुरू झाली. म्हटले, आपणही घटिकापात्र करून पाहू.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळातील पाण्यावर सोडली, की छिद्रातून पाणी आत येते आणि भरताच वाटी बुडते. तेवढा काळ म्हणजे एक घटका, म्हणजेच २४ मिनिटे. दिवसरात्र मिळून घटका ६० आणि एका घटकेची पळे ६०. 'घटका भरली' असे म्हणताना आपण नकळत या वाटीचीच आठवण काढतो.

भोक पाडलेल्या मडक्यातून गळणाऱ्या पाण्यावर वेळ का मोजू नये? मडक्यातील पातळी उतरते तशी धार मंदावते. वाटीचे तसे नाही. सरळ कडांचा, जाड तळाचा एक डबा घ्या. व्यास ८ सें.मी., उंची ६ सें.मी., वजन १०० ग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार रिकामा डबा सुमारे २ सें.मी. बुडून तरंगेल. आत पाणी चढेल तसा तो खाली जाईल. पण आतली पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा २ सें.मी. खालीच राहील, कारण तो फरक डब्याच्या स्वतःच्या वजनाने ठरतो आणि ते वजन बदलत नाही. म्हणून पाणी शेवटपर्यंत सारख्याच वेगाने आत येते! गोल वाटीत हा फरक थोडा बदलत जातो, पण दर खेपेस तसाच बदलतो. त्यामुळे बुडण्याचा काळ तोच राहतो. या डब्याला २४ मिनिटे लागावीत, तर छिद्राचा व्यास जेमतेम ०.७ मि.मी. हवा.

एवढा हिशेब करून आम्ही वाटी पाण्यावर सोडली. अर्धा तास झाला, वाटी तरंगतेच आहे! छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा एक फुगीर थेंब तेवढा दिसत होता. वाटी हाताळून तेलकट झाली होती. तेलकट पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, आणि एवढ्या लहान छिद्रापाशी पृष्ठताण सुमारे ४ सें.मी. उंचीच्या पाण्याचा दाब सहज पेलतो. आमच्याकडे तर २ सें.मी.चाच दाब होता. वाटी चिंचेने घासली, आत चमचाभर पाणी घातले आणि काम सुरू झाले. (भांडी घासणाऱ्या कोणत्याही आजीने हे आधीच सांगितले असते.)

तरी घटका २४ मिनिटांची काही होईना. छिद्र मोठे करता येते, लहान करता येत नाही. अशा वेळी भास्कराचार्य मदतीला आले. तांब्याचे वजन अमुक, छिद्रासाठी सोन्याची सुई तमुक लांबीची, असे जुने ग्रंथ सांगत. ११५०च्या 'सिद्धांतशिरोमणी'त भास्कराचार्यांनी ते सारे बाजूला ठेवले. वाटी कशीही असो. दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने दिवसरात्रीच्या काळाला भागा.

आमच्या मुलांनी पाळ्या लावून रात्र जागवली. वाटी ७२ वेळा बुडाली, म्हणजे ती २० मिनिटांची, ५० पळांची निघाली. आता आम्ही तिच्यावर खुशाल वेळ मोजतो.

तुमची वाटी तयार झाली, की डिसेंबरातल्या पहाटेच्या पाण्यात आणि मे महिन्यातल्या दुपारच्या पाण्यात तिचा काळ मोजून पाहा. दोन्ही आकडे सारखे येणार नाहीत. कोणता मोठा येईल, हे मोजण्याआधीच वहीत लिहून ठेवा.