लाल रेघ, वही आणि फ्रीज

इन्सुलिनची कुपी मागितली की केमिस्ट मागच्या फ्रीजकडे वळतो. तिथलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच हवं. एकदा गोठलेली कुपी पुन्हा वितळली तरी वापरायची नसते.

अँटिबायोटिकच्या पट्टीवरची लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. २०१४पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतल्या औषधांचा नियम आणखी कडक : डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद वेगळ्या वहीत करायची, ती वही ३ वर्षं जपायची. चिठ्ठीवरची औषधं द्यायची तीही नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच.

पट्टीतून चारच गोळ्या कापून घेतल्या, तर मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावरच राहू शकते. म्हणून बिल घ्यावं. औषध सदोष निघालं, तर बिलावरच्या बॅच क्रमांकावरून माग काढता येतो.