बटण अडलं की बुधवारात

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत सुट्या भागांची दुकानं इतकी दाटीनं उभी आहेत, की एक फ्यूज आणायला गेलेला माणूस वायरची गुंडाळी आणि एलईडीची माळही घेऊन परततो. या दुकानांत सोल्डरच्या रिळांशेजारी एक डबा दिसतो. त्याच्या अंगाला बारीक लाल नळी चिकटवलेली असते. हा कॉन्टॅक्ट क्लीनर. गिऱ्हाइकाच्या तोंडी नुसता ‘स्प्रे’. रिमोट, की-बोर्ड, गाडीतला स्टिरिओ, काहीही अडलं तरी स्प्रे मारायचा, अशी त्याची ख्याती आहे. मुरलेला रिपेअरवाला मात्र डबा उचलायच्या आधी विचारतो, “सांडलंय काय?”

पुण्यात बहुधा चहा सांडलेला असतो, आणि नेमका तिथे हा डबा तोकडा पडतो. आजच्या बहुतेक क्लीनरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा हलकी हायड्रोकार्बन असतात. त्यांत तेलकट थर सुटतो, बोटांची चिकटी सुटते. साखर मात्र जवळजवळ विरघळत नाही. साखरेला पाणीच लागतं. म्हणून आधी सेल किंवा बॅटरी काढायची, प्लग सोडवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ब्रश बुडवून चहाचा पाक धुवायचा आणि मग अल्कोहोल मारायचं. ते उरलेल्या पाण्याला बरोबर घेऊन उडून जातं. नळाचं पाणी चालत नाही, कारण ते वाळलं की क्षार मागे राहतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूवर पाणी घालायचं म्हटलं की घरातल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात, पण साखरेवर खरा इलाज तोच.

बटण म्हणजे तरी काय? रिमोटमध्ये रबराचा एक पत्रा असतो. त्याच्या प्रत्येक फुगवट्याखाली कार्बनची काळी टिकली असते, आणि ती सर्किटच्या पाटीवरच्या दोन पट्ट्यांना टेकली की चॅनेल बदलतं. वर्षानुवर्षांच्या वापरात रबरातून तेलकट ओल पाझरते आणि टिकली व पट्ट्या यांच्यामध्ये बसते. इथे क्लीनर खरोखर कामाचा. तोही सरळ न फवारता कापडावर किंवा इअरबडवर घेऊन, हलक्या हातानं. जोर लावून घासलं तर टिकलीवरचा कार्बनच निघून येतो, आणि मग जगातला कुठलाही स्प्रे ते बटण चालवू शकत नाही. गाणं शिकणाऱ्या मुलांच्या की-बोर्डमध्येही पट्ट्यांखाली अशाच रबरी टिकल्या असतात. एखादाच स्वर मुका झाला की दोष बहुधा तिथे सापडतो.

मॉनिटरच्या कडेचं ‘टक्’ वाजणारं बटण वेगळं. त्यात धातूची चकती दबते. तिच्यावर ऑक्साइड चढलं असेल तर नळीनं थेंबभर आत सोडून बटण वीस-तीस वेळा दाबायचं. घर्षणानं ऑक्साइड सुटतं. चकतीच थकली असेल तर स्विच बदलावा. तो सुटा भाग अगदी स्वस्त असतो. पैसे लागतात ते सोल्डरिंगच्या हाताला, आणि ते योग्यच आहे.

जुन्या माऊसला किंवा कॅमेऱ्याला हात लावला की बोटं चिकटतात, त्याचा बटणाशी काही संबंध नाही. वरचा मऊ, रबरासारखा लेप हवेतल्या दमटपणानं विघटित झालेला असतो. अल्कोहोलनं तो स्वच्छ होत नाही, पुसूनच जातो. वस्तू चकचकीत, कुरूप आणि वापरण्याजोगी होते.

एक गल्लत तर रोजचीच. निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० हाही लोकांच्या लेखी ‘स्प्रे’च. पण १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तो बनवला गेला तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. तो तेलाचा थर मागे ठेवतो. बिजागरीला हे वरदान, पण बटणात त्यावर धूळ बसते. कंपनी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा विकते, ते उगाच नाही.

या डब्याच्या पोटातला द्रव कायद्यानं दोनदा बदलायला लावला. पूर्वी क्लीनरमध्ये सीएफसी-११३ असे. तो पेट घेत नाही, प्लॅस्टिकला फारसा त्रास देत नाही आणि झटकन उडतो. दुरुस्तीवाल्यांना याहून काय हवं? पण तो ओझोनचा थर खातो. १९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २०१०पर्यंत सीएफसींचा वापर मोडीत निघाला. पर्याय म्हणून आलेल्या एचसीएफसी-१४१बी या रसायनावरही १ जानेवारी २०२० पासून भारतात बंदी आली. आता उरलेले बरेचसे पर्याय ज्वालाग्राही आहेत. आयसोप्रोपिलची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्याच्या थंडीतल्या सकाळीसुद्धा. गरम सोल्डरिंग आयर्नशेजारी स्प्रे मारणारे महाभाग असतात. त्यांच्यापासून लांब उभं राहावं. ॲसिटोन तर या कामात नकोच, त्यानं एबीएस प्लॅस्टिकची बटणं विरघळतात.

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे साउंडवाले मिक्सर उघडतात. वर्षभराची धूळ खाऊन फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, खरखरत असतात. इथे स्प्रे लगेच गुण देतो आणि तितकाच दगाही. खरखर जाते, पण फेडरच्या वाटेतलं ग्रीसही धुऊन जातं. मग तो एक तर सैल पळतो, नाही तर कोरडा अडखळतो. त्यासाठी फेडरचं वेगळं वंगण मिळतं. ते न लावता मिक्सर बंद केला तर पुढच्या वर्षी तोच फेडर पुन्हा उघडावा लागतो, आणि तेव्हा तो बहुधा बदलावाच लागतो.